ग्रेस विंग यांना सस्नेह निमंत्रण

२४ एप्रिल १९७०. व्हाइट हाउसच्या फाटकाबाहेर टोप्या-हातमोजे घालून आलेल्या बायकांची रांग लागली होती. राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांची मुलगी ट्रिशा हिने आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थिनींना चहाला बोलावलं होतं. न्यूयॉर्कचं हे फिंच कॉलेज म्हणजे खानदानी घरांतल्या मुलींना चार पुस्तकं, चार माणसांत वागण्याच्या रीती आणि काट्या-चमच्यांचा क्रम शिकवून लग्नाच्या बाजारात पाठवण्याची जागा. निमंत्रणाची पाकिटं कॉलेजच्या जुन्या यादीवरून निघाली होती. त्यातलं एक पाकीट ‘ग्रेस विंग’ या माहेरच्या नावाने गेलं. ही विंग म्हणजे ‘जेफरसन एअरप्लेन’ या रॉक बँडची ग्रेस स्लिक, हे पत्ते लिहिणाऱ्याच्या गावीही नसावं.

ग्रेस आली, पण एकटी नाही. सोबत सुटाबुटातला, केस चापूनचोपून बसवलेला एक पुरुष होता. तिने त्याला आपला अंगरक्षक म्हणून पुढे केलं. तो होता अ‍ॅबी हॉफमन. शिकागोत १९६८ साली झालेल्या दंगलीवरून ज्या सात जणांवर खटला चालला, त्यांतला तो सर्वांत वात्रट आरोपी. आणि ग्रेसच्या खिशात होती एलएसडीची पूड. बेत असा की, गप्पा मारता मारता हातवारे करायचे आणि लांब नखातली पूड यजमानांच्या चहात अलगद सोडायची. एलएसडीला ना रंग, ना चव. पाऊण तासाने निक्सन भिंतींशी बोलू लागले असते, तेव्हा पाहुण्या केव्हाच घरी पोहोचलेल्या असत्या.

रखवालदारांनी हॉफमनला ओळखलं की नुसतं अडवलं, हा भाग प्रत्येक वेळी सांगताना थोडा बदलतो. हा समारंभ फक्त स्त्रियांसाठी आहे, असं त्याला सांगण्यात आलं. मग ग्रेसलाही हटकण्यात आलं. आपलं निमंत्रण आहे, असं ती म्हणाली. त्यावर, तुमचं नाव एफबीआयच्या यादीत आहे, असं तिला ऐकवण्यात आलं. दोघं परत फिरली. ट्रिशाचा चहा निर्विघ्न पार पडला.

पुढे ही गोष्ट ग्रेसने आयुष्यभर चवीने सांगितली. विषप्रयोगाच्या जवळ जाणारा हा उद्योग आज थट्टेवारी नेता येणार नाही. कोणाच्या नकळत त्याच्या पेल्यात काही मिसळणं हा गुन्हाच. पण या प्रसंगात तिची सगळी कारकीर्द एका जागी सापडते. साठीच्या दशकात अमेरिकेत व्यवस्थेला शिव्या देणारे गल्लोगल्ली होते, मात्र बहुतेक जण फाटकाच्या बाहेर उभे राहून ओरडत. ग्रेसकडे आतलं निमंत्रण होतं.

ग्रेस बार्नेट विंगचा जन्म ३० ऑक्टोबर १९३९ चा, शिकागोच्या परिसरातला. वडील गुंतवणुकीचे व्यवहार पाहणाऱ्या बँकेत, आई लग्नाआधी गाणारी. वडिलांच्या बदल्यांमागून कुटुंब कॅलिफोर्नियात आलं आणि स्टॅनफर्ड विद्यापीठाशेजारच्या पालो आल्टोत स्थिरावलं. मुलगी कॅस्टिलेया या मुलींच्या खासगी शाळेत गेली, मग एक वर्ष फिंचमध्ये, मग एक वर्ष मायामी विद्यापीठात. पदवी कुठेच घेतली नाही. या घरात दारिद्र्य नव्हतं, मारहाण नव्हती, पोरकेपण नव्हतं. रॉक गायकाच्या चरित्रात वाचकाला हमखास भेटणारं दुःख इथे शोधून सापडत नाही. बंडाला काहीतरी जखम लागतेच, असं मानणाऱ्यांची ग्रेसने पंचाईत करून ठेवली आहे.

१९६१ मध्ये तिने जेरी स्लिक या शेजारच्या ओळखीतल्या मुलाशी लग्न केलं. जेरी सिनेमा शिकत होता. घर चालावं म्हणून ग्रेस सॅन फ्रान्सिस्कोतल्या आय. मॅग्निन या बड्या कापड-दुकानात मॉडेल झाली. उंची पोशाख अंगावर चढवून गिऱ्हाइकांसमोरून फिरायचं, हे काम. तीनेक वर्षं तिने ते केलं.

ऑगस्ट १९६५ मध्ये मार्टी बालिन नावाच्या गायकाने सॅन फ्रान्सिस्कोत ‘मॅट्रिक्स’ हा छोटा क्लब उघडला आणि त्यात वाजवायला स्वतःचाच बँड उभा केला. त्या बँडचं नाव जेफरसन एअरप्लेन. ग्रेस आणि जेरी तिथे ऐकायला गेले. ग्रेसने नंतर अगदी व्यापारी हिशेबाने सांगितलं आहे की, ही पोरं एका रात्रीत जेवढं कमावतात तेवढं मला आठवडाभर कपडे मिरवूनही मिळत नाही, शिवाय यांना प्यायला मिळतं आणि सकाळी उठावं लागत नाही. कलेची हाक वगैरे काही नाही. थोड्याच आठवड्यांत तिचा, जेरीचा आणि दीर डार्बीचा बँड तयार झाला. नाव ठेवलं ‘द ग्रेट सोसायटी’. हे नाव राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी आपल्या गरिबी हटवण्याच्या कार्यक्रमाला दिलं होतं. थट्टा नावापासूनच सुरू झाली.

बँड कच्चा होता. त्यांचं ध्वनिमुद्रण करायला एका स्थानिक कंपनीने सिल्वेस्टर स्टुअर्ट या तरुण निर्मात्याला बसवलं. पुढे जग त्याला स्लाय स्टोन म्हणून ओळखणार होतं. डार्बीने लिहिलेलं एक गाणं मनासारखं व्हायला पन्नासाहून अधिक वेळा वाजवावं लागलं, असं सांगतात. पण या कच्च्या बँडचे कान विलक्षण होते. डार्बी गिटारवर रागदारीच्या वळणाच्या लांबलचक लकेरी काढी. त्याला आणि त्याचा सहकारी पीटर व्हॅन गेल्डर याला हिंदुस्थानी संगीताचं वेड होतं. १९६६ च्या शरदात बँड मोडला, तेव्हा हे दोघे शिकायला सरळ भारताकडे निघाले. डार्बी पुढे उस्ताद अली अकबर खाँ यांच्याकडे सरोद शिकला. ज्याचं गाणं अमेरिकेच्या रेडिओवर दिवसातून दहादा वाजत होतं, तो स्वतः सरोदच्या तारा जुळवत बसला होता.

ते गाणं म्हणजे ‘समबडी टू लव्ह’. ग्रेसने ते हुंड्यासारखं नव्या घरी नेलं.

एअरप्लेनमध्ये तेव्हा सिग्ने अँडरसन ही गायिका होती. तिला नुकतीच मुलगी झाली होती, आणि तान्ह्या बाळासह गावोगाव फिरणं तिला झेपत नव्हतं. ऑक्टोबर १९६६ मध्ये फिलमोर सभागृहात तिने रसिकांचा निरोप घेतला आणि दुसऱ्या रात्री त्याच मंचावर तिच्या जागी ग्रेस उभी राहिली. ग्रेट सोसायटीच्या करारातून तिला सोडवून घ्यायला एअरप्लेनच्या व्यवस्थापनाने मोजलेली रक्कम होती ७५० डॉलर. रॉकच्या इतिहासात एवढा स्वस्त सौदा क्वचितच झाला असेल.

फेब्रुवारी १९६७ मध्ये ‘सर्रिअलिस्टिक पिलो’ हा अल्बम आला. तो अमेरिकेच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेला. ‘समबडी टू लव्ह’ पाचव्या क्रमांकावर पोहोचलं आणि त्यामागून ‘व्हाइट रॅबिट’ आठव्या. हे दुसरं गाणं ग्रेसने स्वतः लिहिलं होतं. पन्नास डॉलरला घेतलेला एक लाल उभा पियानो, त्याच्या काही पट्ट्या गायब. त्यावर हे गाणं बसलं. त्याआधी माइल्स डेव्हिसचा ‘स्केचेस ऑफ स्पेन’ हा अल्बम ती तासन्‌तास ऐकत होती, आणि रावेलची ‘बोलेरो’ डोक्यात होतीच. म्हणून या गाण्याची सुरुवात रॉकसारखी होत नाही. दूरवरून लष्करी ताशा येत असल्यासारखी ती होते.

गाणं जेमतेम अडीच मिनिटांचं आहे. त्याला ध्रुवपद नाही. फिरून कुठे परत येणं नाही. सगळं गाणं म्हणजे एकच चढण. आवाज दबक्या सूचनेपासून निघतो आणि शेवटी हुकमाच्या पट्टीत जाऊन थांबतो. तिची मैत्रीण जॅनिस जॉपलिन त्याच शहरात, त्याच मंचांवर गात होती. जॅनिस स्वर फाडून त्याच्या आतलं रक्त दाखवायची. ग्रेसचा स्वर थंड, सरळ आणि धारदार, अनुस्वार ताणावा तसा कंपणारा. विनवणी त्यात नावाला नाही. आपला आवाज इलेक्ट्रिक गिटारसारखा लागावा असा आपला प्रयत्न असे, असं तिने म्हटलं आहे, आणि ऐकताना ते पटतं. त्या काळच्या गायिका प्रियकराची वाट पाहत, रडत किंवा लाडात येत. ही श्रोत्याला फर्मान सोडत होती.

आणि फर्मान कसलं? ल्युइस कॅरलच्या ‘अ‍ॅलिस’ची गोष्ट, एवढंच. गोळी खाल्ली की मोठं व्हायचं, दुसरी खाल्ली की लहान. हुक्का ओढणारा सुरवंट, अळंबी, पांढरा ससा. सारं बालवाङ्मयातलं. ग्रेसचा युक्तिवाद असा: आईबापांनो, लहानपणी मांडीवर घेऊन तुम्हीच आम्हाला हे वाचून दाखवलंत. अ‍ॅलिस काहीतरी गिळते आणि नव्या जगात जाते. पीटर पॅनमधली मुलं अंगावर चूर्ण पडताच उडू लागतात. ‘ओझ’च्या वाटेवर अफूच्या फुलांचं शेत लागतं. आणि आता, हातात मार्टिनीचा पेला धरून, मुलं नशा का करतात म्हणून तुम्हीच विचारता? रेडिओवाले बुचकळ्यात पडले. अमली पदार्थांची जाहिरात म्हणून गाणं बंद करावं, तर त्याच न्यायाने घराघरातलं पुस्तक बंद करावं लागलं असतं. शिकलेल्या घरच्या मुलीनेच ही कोटी करावी. तिच्याजवळ पुस्तकांचं कपाट होतं, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे असते तेही तिला ठाऊक होतं.

त्याच वर्षी तिने जेम्स जॉइसच्या ‘युलिसिस’वर गाणं केलं. त्याच सुमाराला डेव्हिड क्रॉसबीचं ‘ट्रायड’ एअरप्लेनकडे आलं. एक पुरुष आणि दोन स्त्रिया यांनी एकत्र का राहू नये, असं विचारणारं हे गाणं त्याच्या स्वतःच्या ‘बर्ड्‌स’ बँडला रुचलं नव्हतं. ते ग्रेसने गायलं आणि गाण्याचं पारडंच फिरलं. पुरुषाची सोयीस्कर कल्पना ऐकता ऐकता बाईचा शांत प्रस्ताव झाली.

१९६८ मध्ये बँडने गोल्डन गेट पार्कसमोर, २४०० फुल्टन स्ट्रीट इथे, खांबांचा एक जुना वाडा ७० हजार डॉलरला घेतला आणि बाहेरून काळा रंगवला. सरावाची जागा, कचेरी, मेजवान्या, सगळं तिथेच. त्या वर्षी ते ‘डोर्स’बरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेले. अ‍ॅम्स्टरडॅमला एअरप्लेनचं गाणं चालू असताना जिम मॉरिसन मिळेल ते सगळं गिळून मंचावर नाचत आला आणि कोसळला. त्याला रुग्णालयात हलवलं, डोर्सने आपला कार्यक्रम त्याच्याविना केला. डिसेंबरात न्यूयॉर्कमध्ये फ्रेंच दिग्दर्शक ज्याँ-ल्यूक गोदारच्या कॅमेऱ्यासाठी एअरप्लेन एका हॉटेलच्या गच्चीवर चढला आणि भरदिवसा मोठ्याने वाजवू लागला. पोलीस आले, कार्यक्रम आटोपला. बीटल्सची लंडनमधली प्रसिद्ध गच्ची त्यानंतर सुमारे आठ आठवड्यांनी झाली.

खोड्या सगळ्याच साधल्या, असं नाही. नोव्हेंबर १९६८ मध्ये ‘स्मदर्स ब्रदर्स’च्या टीव्ही कार्यक्रमात ग्रेस चेहऱ्याला काळा रंग फासून आली आणि गाण्याच्या शेवटी काळा हातमोजा घातलेली मूठ उंचावली. मेक्सिको ऑलिंपिकमध्ये दोन कृष्णवर्णीय अमेरिकी धावपटूंनी विजयमंचावर मूठ उंचावून महिनाही उलटला नव्हता. तिला पाठिंबा दाखवायचा होता की केवळ धक्का द्यायचा होता? गोऱ्या माणसांनी तोंडाला काळं फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याचा अमेरिकेत शंभर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो रंग एका मुठीने पुसला जात नाही. आज ते चित्रीकरण पाहवत नाही. निमंत्रित पाहुण्याने दुसऱ्याच्या घराण्याची जखम अंगावर मिरवली, असा तो प्रकार झाला.

१९६९ चा ऑगस्ट मात्र तिच्या नावावर जमा आहे. वुडस्टॉकच्या महोत्सवात पहिल्या दिवशी, शुक्रवारी, १५ ऑगस्टला, स्वामी सच्चिदानंदांचं प्रवचन झालं होतं. एअरप्लेन शनिवारी रात्रीचा मुख्य बँड होता. वेळापत्रक असं कोसळलं की ते मंचावर आले ते रविवारी सकाळी आठच्या सुमारास. रात्रभर जागून बँडचे डोळे तारवटलेले, समोर लाखो माणसं चिखलात अर्धवट झोपलेली. पांढऱ्या झालरीच्या पोशाखातल्या ग्रेसने त्यांना सुप्रभात म्हटलं आणि आता वेड्यांच्या सकाळचं संगीत ऐका असं बजावलं. भूपाळीची वेळ साधून कुणी असं उठवलेलं नसेल.

दोन दिवसांनी, १९ ऑगस्टला, ती न्यूयॉर्कमध्ये डिक कॅव्हेटच्या टीव्ही कार्यक्रमात होती. बँडने ‘वुई कॅन बी टुगेदर’ गायलं. त्यात आईवरून दिली जाणारी ती इंग्रजी शिवी आहे. ती कापली गेली नाही, आणि अमेरिकी दूरचित्रवाणीवर हा शब्द पहिल्यांदा घराघरात ऐकू गेला तो या कार्यक्रमातून, असं मानलं जातं. त्याच मंचावर जोनी मिचेल बसली होती. वुडस्टॉकच्या चिखलात अडकून हा कार्यक्रम चुकू नये, म्हणून तिच्या व्यवस्थापकाने तिला महोत्सवाला जाऊच दिलं नव्हतं.

डिसेंबरात हिशेब उलटला. ६ डिसेंबर १९६९ ला कॅलिफोर्नियातल्या अल्टामाँटच्या मोटार-शर्यतीच्या मैदानावर रोलिंग स्टोन्सने फुकट कार्यक्रम ठेवला. मंचाभोवती राखणीला ‘हेल्स एंजल्स’ या मोटारसायकलवाल्यांची टोळी. एअरप्लेन गात असताना ही माणसं बिलियर्डच्या काठ्यांनी लोकांना झोडपू लागली. मार्टी बालिन मधे पडला, तर त्यालाच बेशुद्ध केलं. गिटारवादक पॉल कँटनरने माइकवरून उपरोधाने एंजल्सचे आभार मानले. त्यावर त्यांच्यातलाच एक जण दुसरा माइक घेऊन त्याच्याशी भांडायला उभा राहिला. मधे ग्रेस, सगळ्यांना शांत राहायला सांगणारी. हुकूम सोडणारा तो आवाज इथे कुणी मानला नाही. रात्री स्टोन्स गात असताना मेरेडिथ हंटर या १८ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाला मंचासमोर भोसकून मारलं गेलं. ‘गिमी शेल्टर’ या माहितीपटात हे दिसतं. फुलांची भाषा बोलणाऱ्या पिढीजवळ दंडुक्याला उत्तर नव्हतं, हे त्या मैदानावर कॅमेऱ्यासमोर उघडं पडलं.

व्हाइट हाउसचा चहा त्यानंतर साडेचार महिन्यांनी. त्या दिवशी बरोबर आलेल्या अ‍ॅबी हॉफमनचीही एक गंमत. १९६७ मध्ये एअरप्लेनने लिव्हाइस जीन्ससाठी रेडिओवर जाहिरात केली, तेव्हा याच हॉफमनने वृत्तपत्राला पत्र धाडून त्यांना खडसावलं होतं. बंड विकता का, म्हणून. बँडने जाहिराती थांबवल्या. ग्रेसने राग धरला नव्हता.

याच सुमाराला ग्रेस आणि पॉल कँटनर एकत्र राहू लागले. जेरीशी तिचा काडीमोड झाला, पण पॉलशी लग्न तिने केलं नाही. २५ जानेवारी १९७१ ला त्यांना मुलगी झाली. रुग्णालयात नर्स जन्मदाखल्यासाठी नाव विचारायला आली. तिच्या गळ्यात क्रूस पाहून ग्रेसला लहर आली. तिने सांगितलं, नाव ‘गॉड’. आणि स्पेलिंग लहान ‘जी’ने, कारण आम्हाला नम्रता आवडते. नर्सने ही वार्ता वर्तमानपत्रापर्यंत पोहोचवली आणि मुलीचं नाव देव ठेवल्याची अफवा पुढे कित्येक वर्षं फिरत राहिली. मुलीचं नाव चायना. ती मोठी झाल्यावर एमटीव्हीवर निवेदिका झाली.

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेचा मरिन परगणा त्या काळी वादकांनी भरला होता. अली अकबर खाँ यांचं संगीत महाविद्यालय तिथल्याच सॅन राफेलमध्ये. ‘ग्रेटफुल डेड’चा ढोलवादक मिकी हार्ट याने १९७२ मध्ये ‘रोलिंग थंडर’ हा अल्बम काढला. त्यात ग्रेस आहे, आणि मुंबईहून गेलेले उस्ताद अल्लारखाँ आणि विशीतले झाकीर हुसेन हे बापलेकही आहेत. त्या परगण्यात कोण कुठल्या बँडचा, याला फारसा अर्थ उरला नव्हता.

अर्थ उरला नव्हता यात दारूचाही हात होता. १९७१ मध्ये सहकाऱ्याच्या गाडीशी शर्यत लावून ग्रेसने आपली गाडी गोल्डन गेट पुलाजवळ भिंतीवर घातली आणि थोडक्यात वाचली. जुना बँड विस्कटला. १९७४ मध्ये ‘जेफरसन स्टारशिप’ या नावाने नवा जमला, त्याच्या ‘रेड ऑक्टोपस’ने पुढल्या वर्षी पहिला क्रमांक गाठला. पैसा आला आणि पिणं वाढलं. जून १९७८ मध्ये जर्मनीतल्या लोरेलायच्या खुल्या रंगमंचावर ग्रेस आजारी म्हणून बँड उतरलाच नाही. चिडलेल्या प्रेक्षकांनी वाद्यं आणि सामान पेटवून दिलं. पुढचा कार्यक्रम हॅम्बुर्गला. ती पिऊन आली आणि जर्मन प्रेक्षकांना नाझींवरून, महायुद्ध कुणी जिंकलं यावरून डिवचत राहिली. समोर बसलेली बहुतेक पोरं युद्धानंतर जन्मलेली. चहाच्या पेल्यापर्यंत जाणाऱ्या बोटांत निदान नेम होता, हॅम्बुर्गला तोही राहिला नव्हता. त्या रात्रीनंतर ती बँडमधून बाहेर पडली.

उपचार घेतले, १९८० मध्ये ‘ड्रीम्स’ हा एकटीचा अल्बम काढला, त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. मग ती पुन्हा बँडमध्ये परतली. १९८४ मध्ये कँटनरच बाहेर पडला, नावावरून कोर्टकचेरी झाली आणि ‘जेफरसन’ गळून नुसतं ‘स्टारशिप’ उरलं. या उरलेल्या बँडला जे यश मिळालं ते एअरप्लेनला कधीच मिळालं नव्हतं. १९८५ मध्ये ‘वुई बिल्ट धिस सिटी’, १९८६ मध्ये ‘सारा’, १९८७ मध्ये ‘नथिंग्ज गॉना स्टॉप अस नाऊ’, तिन्ही अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर. शेवटचं गाणं शिखरावर गेलं तेव्हा ग्रेस ४७ वर्षांची होती. एवढ्या वयाच्या स्त्रीचं गाणं तिथे आधी कधी पोहोचलं नव्हतं. हा विक्रम १९९९ मध्ये शेरने मोडला. शहर आम्ही रॉकवर उभारलं असं सांगणाऱ्या गाण्याला २००४ मध्ये ‘ब्लेंडर’ मासिकाने सर्वांत वाईट गाण्यांच्या यादीत पहिलं स्थान दिलं. ग्रेसने त्या गाण्याची बाजू घेतली नाही. दुसऱ्यांनी लिहिलेली गाणी, दुसऱ्यांनी बेतलेला आवाज. तिच्या लेखी ती नोकरी होती, आय. मॅग्निनमधल्यासारखीच.

१९८८ मध्ये तिने स्टारशिप सोडलं. पुढल्या वर्षी जुना एअरप्लेन एका अल्बमपुरता आणि दौऱ्यापुरता पुन्हा जमला, आणि त्यानंतर, पन्नाशीत, ती मंचावरून उतरली. पन्नाशीपुढच्या माणसांनी रॉकच्या मंचावर उड्या मारणं हास्यास्पद दिसतं, हे तिचं मत. ऑपेरा, जाझ, ब्लूज म्हातारपणी शोभतात, रॉक नाही. तिच्या पिढीतले बहुतेक पुरुष सत्तरीतही घट्ट विजारी घालून फिरत राहिले. १९९६ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने एअरप्लेनला सन्मानित केलं, त्या सोहळ्यालाही ती गेली नाही.

घर शांत झालं, असं नव्हे. १९९४ मध्ये मरिनमधल्या तिच्या घरी पोलीस आले, तेव्हा तिने त्यांच्यावर गोळ्या नसलेली बंदूक रोखली. शिक्षा झाली समाजसेवेची. त्याच वर्षी प्रकाशयोजनाकार स्किप जॉन्सनशी असलेला तिचा दुसरा विवाहही संपला. मग ती चित्रं काढू लागली. जॅनिस, जिमी हेंड्रिक्स, जेरी गार्सिया या गेलेल्या मित्रांची चित्रं आणि पुष्कळ पांढरे ससे. आत्मचरित्र १९९८ मध्ये आलं. त्याला तिने ‘समबडी टू लव्ह’ हेच नाव दिलं, पुढे फक्त एक प्रश्नचिन्ह घातलं.

२८ जानेवारी २०१६ ला पॉल कँटनर वारला. त्याच दिवशी सिग्ने अँडरसनही गेली. बाळासाठी बँड सोडून घरी गेलेली ती पहिली गायिका. दोघंही ७४ वर्षांची.

पुढल्या वर्षी ‘चिक-फिल-ए’ या खाद्यगृहांच्या साखळीकडून ग्रेसला विचारणा आली. ‘नथिंग्ज गॉना स्टॉप अस नाऊ’ जाहिरातीत वापरायचं होतं. कंपनी कडव्या ख्रिस्ती घराण्याची, रविवारी दुकानं बंद ठेवणारी, आणि तिच्या प्रमुखाने समलिंगी विवाहाला उघड विरोध केलेला. ग्रेसच्या मनात आधी सरळ नकार आला. मग तिने विचार केला आणि होकार कळवला. २०१७ च्या ग्रॅमी सोहळ्याच्या प्रक्षेपणात जाहिरात झळकली. त्यानंतर ग्रेसने ‘फोर्ब्स’मध्ये लेख लिहून जाहीर केलं की, या जाहिरातीतून मिळालेला सगळा पैसा तिने ‘लॅम्बडा लीगल’ला, म्हणजे समलिंगी माणसांच्या हक्कांसाठी न्यायालयात लढणाऱ्या संस्थेला, दिला आहे. ती तेव्हा ७७ वर्षांची होती. या वेळी फाटकावर कुणी हटकलं नाही.